जिवंत आईचा दुखवटा

माझ्या गाण्यांतून आमचे बहुतेक नातेवाईक एकदा तरी मरून गेले आहेत. काका तर दोनदा. ते खरोखर गेले तेव्हा एकाने मला फोन करून विचारलं, ही बातमी आहे की नवीन गाणं. मला हसू आलं. नको तिथे हसू येणं हा माझा जुना आजार आहे. कुणाच्या घरी मयत झाली की मी तोंडावर रुमाल धरून कोपऱ्यात बसतो आणि लोकांना वाटतं, मुलगा फार हळवा आहे.

धारवाडात राहून गिटार वाजवणं म्हणजे आधीच घराण्याला बट्टा. इथे दर दोन घरांमागे एक तंबोरा, आणि उरलेल्या घरांत तंबोरा ऐकून आलेली माणसं. सप्तापुरात आमच्या घराच्या वरच्या खोलीत मी मुलांना गिटार शिकवतो आणि शनिवारी संध्याकाळी हुबळीला, कोप्पीकर रोडच्या मागच्या एका हॉटेलात गातो. पूर्वी नुसती थट्टेची गाणी करत होतो, अर्धी मराठी, अर्धी कन्नड. रस्त्यातल्या खड्ड्यावर, पुनर्मूल्यांकनात आणखी नापास झालेल्या मुलावर, स्मशानात नंबर लावून बसलेल्या प्रेतांवर. भाड्याच्या खोल्यांत राहणारी पोरं ती गाणी पाठ म्हणायची आणि मी स्वतःला फार शहाणा समजायचो.

मग बायको निघून गेली. पुण्याला, माझ्यावर न ओरडता, एक बॅग घेऊन. मी तिच्यावरही एक गाणं केलं आणि ते चाललं. आई म्हणाली, "ती गेली त्याचं नाही एवढं, तिच्यावर टाळ्या घेतल्यास त्याचं वाईट वाटतं." आई कन्याशाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. मोजकं बोलते आणि नेमकं लागेल असं बोलते.

त्याच सुमारास हुबळीच्या रेल्वे कॉलनीतलं एक घर रिकामं होत होतं. तिथून मी एक जुनी गिटार आणि रेकॉर्डचं खोकं आणलं. खोक्यात सगळं अमेरिकेतलं जुनं कंट्री संगीत होतं. आमच्याकडे कंट्री म्हटलं की लोकांना दारू आठवते, आणि तेही फारसं चुकत नाही. तीन कॉर्ड, एक माणूस आणि कुणीतरी गेलेलं. बायको, कुत्रा, आई, नाहीतर शेवटची गाडी. गाणारा रडत नाही, नुसता सांगतो, आणि सांगता सांगता मध्येच अशी एक ओळ टाकतो की आपण हसतो आणि हसल्याची लाज वाटते. मला वाटलं, आपला आजार असलेली माणसं दुसरीकडेही आहेत तर. नव्या झगझगीत कंट्रीशी मला देणंघेणं नव्हतं. मला तेच जुनं हवं होतं, संथ, नाकातलं, धुळीने भरलेलं. मी नवी गिटार विकून टाकली. दाढी वाढवली. आईने खालून ऐकलं आणि म्हणाली, "रडायचंय तर रड बापडा, पण सुरात रड."

कंट्रीत एक अडचण आहे. आई मेल्याशिवाय गायकाला काही किंमत नाही. माझी आई जिवंत होती, ठणठणीत होती आणि रोज सकाळी गच्चीवर जाऊन झाडांना पाणी घालत होती. पण आमच्या घरात एक मरण होतं, आणि त्यात गाडी होती, जंगल होतं, स्टेशन होतं. ते माझ्यासमोर कित्येक वर्षं पडून होतं आणि मी त्याला हात लावला नव्हता.

ते मरण माझ्या आजीचं, आईच्या आईचं. ती अळणावरला मामाकडे असायची. ती गेल्याचा निरोप आला तेव्हा मी बेंगळूरला होतो. आई एकटीच धारवाडहून पॅसेंजरने निघाली. पावसाळ्याचे दिवस, पुढे रुळांवर झाड पडलेलं. गाडी वाटेतल्या मुगद स्टेशनात थांबली ती थांबलीच. आई अळणावरला पोचली तेव्हा अंधार पडला होता आणि चिता पेटून गेली होती. मामाने थांबायला हवं होतं. आई स्मशानातूनच परत फिरली, माहेरच्या घरात पाऊल ठेवलं नाही. जाताना मामाला सगळ्यांसमोर म्हणाली, "मला आईचं तोंड बघू दिलं नाहीस." त्या दिवसापासून बहीणभावांचं बोलणं बंद. एवढंच मला माहीत होतं, तेही इकडून तिकडून ऐकलेलं. आईने कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी ते घेतलं आणि उलटं केलं. गाण्यात आई मरते आणि गाडीत मामा अडकतो.

*मुगदला थांबली गाडी, मामा आत अडकला,*
*सिग्नल काही पडेना, इकडे दिवस कलला;*
*कुणासाठी थांबायची तिला सवय नव्हती मेली,*
*गाडी लेट होती रे मामा, आई वेळेवर गेली.*

हॉटेलात लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. एका बाईंनी डोळे पुसले आणि मग त्याही हसल्या. मला कळलं, जमलं. आजवर केलेल्या गाण्यांत हेच खरं जुन्या वळणाचं होतं. मी ते फोनवर रेकॉर्ड करून नेटवर टाकायचं ठरवलं आणि मागे काहीतरी चित्र हवं म्हणून आईचा एक जुना फोटो घेतला, कन्याशाळेच्या स्नेहसंमेलनातला, केसात अबोली माळलेली, हसरी. फोनवरच त्या फोटोला झेंडूचा हार घातला. बोटाने ओढून तो नीट दोन्ही बाजूंना सारखा केला. हे करताना मी चहा पीत होतो हेही मला आठवतं.

व्हिडिओ टाकला तसे खाली लोक लिहायला लागले. भावपूर्ण श्रद्धांजली. बाईंनी आम्हाला सातवीत शिकवलं होतं. देव तुम्हाला दुःख सहन करण्याची शक्ती देवो. मी वाचत होतो आणि हसत होतो. गाणं समजलेल्यांपेक्षा न समजलेल्यांनी ते जास्त पुढे पाठवलं. एक ओळ लिहिली असती तर विषय संपला असता. मी ती लिहिली नाही. उलट, प्रत्येकाला जोडलेल्या हातांचं चित्र टाकत गेलो. आईने विचारलं, "नवीन काय केलंस?" मी म्हणालो, "रेल्वेवरचं आहे एक."

मामा एका सकाळी आला. मी पुढच्या पडवीत गिटारच्या तारा बदलत होतो. फाटकाशी पांढऱ्या कपड्यांतला एक म्हातारा आणि त्याच्यामागे एक बाई दिसली. मामाला मी इतक्या वर्षांनी बघत होतो की आधी मामीला ओळखलं. दोघंही न बोलता आत आली. मयतीच्या घरी जातात तसं, कसा आहेस नाही, काही नाही. मामा खुर्चीवर न बसता जमिनीवर बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "केसंसुद्धा काढली नाहीस."

मला काही कळलं नाही. त्याने पिशवीतून नवा टॉवेल आणि पांढरी टोपी काढून माझ्या मांडीवर ठेवली. आमच्याकडे आई गेलेल्या पोराला मामा टॉवेल-टोपी देतो. तेव्हा मला कळलं. पिशवीत आणखी एक घडी होती, साडीची. तीही त्याने काढली आणि हातातच धरून ठेवली. "कळवलं असतंस तर वेळेवर आणली असती," तो म्हणाला. "माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय बाई जाऊ नये रे. आता काय, वेळ गेली. कुणा गरिबाला दे. माझ्या हातानं द्यायचं धाडस होईना." आणि मामीने मला जवळ घेऊन मोठ्याने गळा काढला.

आणि मला हसू आलं. लिहायला लाज वाटते, पण आलं. छातीतून वर आलं आणि आवरेना. मी मामाने दिलेला टॉवेल तोंडात कोंबला. माझे खांदे हलत होते. मामा उठून जवळ आला, माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागला आणि म्हणाला, "रड, रड. मोकळा हो." शेतात काम केलेला हात होता, जड आणि खरखरीत. तो हात पाठीवरून फिरत असताना माझं हसू आपोआप थांबलं. पण टॉवेल मी तोंडावरून काढला नाही. काढला असता तर त्याला तोंड दाखवावं लागलं असतं.

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "कोण आलंय रे?"

मामीचं रडणं अर्ध्यावर थांबलं. आई पदराला हात पुसत दारात आली. मामाकडे बघितलं. मग माझ्या मांडीवरची टोपी, मामाच्या हातातली साडी, मामीचे डोळे. आईला कधीच दोनदा सांगावं लागत नाही. तिचा चेहरा जराही हलला नाही. आमच्या घरात भांडण आणि थट्टा कन्नडमध्ये चालते, आणि ती कन्नडमध्येच म्हणाली, "इन्ना सत्तिल्ल ना. ओळग बा." अजून मेले नाही मी, आत ये.

मामा मटकन खाली बसला. मग उठला. मग माझ्याकडे वळला. इतका वेळ पाठीवरून फिरणारा हात त्याने वर उगारला. "हार घातलास," तो म्हणाला. "जिवंत आईला हार घातलास! गावात सगळ्यांनी बघितलं. माझ्या डोळ्यांनी बघितलं. वर हात जोडलेस लोकांना!" फोन त्याने खिशातून काढून आईच्या हातात दिला. आईने चष्मा कपाळावर चढवून तो फोटो जवळ धरून पाहिला. तिचं स्वतःचं हसरं तोंड आणि त्याच्याभोवती माझा सारखा केलेला हार. ती किती वेळ बघत होती कोण जाणे. मी मनात म्हणत होतो, मारू दे मामाला एक, निदान त्याचं तरी बरोबर होईल.

आईने फोन परत दिला. मग डाव्या कानाची पाळी दोन बोटांत धरून म्हणाली, "त्याला काही बोलू नकोस. मीच सांगितलं होतं त्याला. माझ्या डोक्यावर कावळा बसला."

हे सांगायला हवं, की आमच्याकडे डोक्यावर कावळा बसला म्हणजे त्या माणसाचं मरण जवळ आलं असं मानतात. त्यावर उपाय असा, की ते माणूस गेल्याची खोटी बातमी लांबच्या नातेवाइकाला कळवायची. त्याने खरं समजून रडायचं. त्या रडण्यावर मरण फिटतं. मग खरं सांगायचं आणि शिव्या खायच्या. आता हे कुणी करत नाही. आई तर नाहीच नाही. शेजारच्या काकूंनी एकदा हा विषय काढला तेव्हा तिने कावळ्याची नजर आणि माणसाचे पांढरे केस यांच्यावर त्यांना वर्गात शिकवावं तसं समजावून सांगितलं होतं.

"वाळवण घातलं होतं," आई मामाला सांगत होती, "सांडगे राखत गच्चीवर बसले होते. आला आणि बसला. मी म्हटलं, उगीच कशाला विषाची परीक्षा. लांबचं असं आता तूच की."

मामी म्हणाली, "खानापूरच्या आत्याचं असंच झालं होतं म्हणे?" मामाने मान हलवली. आईने धागा उचलला, "तार आली होती. आई चुलीपुढे बसून कसली रडली होती. आणि मग आत्या स्वतःच उभी राहिली दारात." मामा म्हणाला, "आईनं तिला फुंकणी घेऊन मारलं." आणि त्याच्या तोंडातून एक आवाज आला. हसायला गेला होता, पण ते रडणं निघालं. तो दोन्ही हातांत तोंड घालून रडला. आई म्हणाली, "झालं, आता मी काही मरत नाही बघ," आणि आत जाऊन चहा ठेवला. मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेलो. तिने वळून बघितलं नाही. "कप काढ," एवढंच म्हणाली.

चहा पिताना मामाने ते सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. "मी थांबलो होतो, अक्का. सगळे म्हणत होते, दिवस मावळायच्या आत उचला. मी म्हटलं, अक्का येतेय. स्टेशनावर जाऊन उभा राहिलो. मास्तर म्हणाला, गाडी कधी सुटेल सांगता येत नाही, कदाचित सकाळ होईल. मी एकदा सिग्नल बघायचो, एकदा आभाळ. शेवटी घरनं माणूस आला बोलवायला. आग देताना पण मी रुळाकडं तोंड करून उभा होतो."

आईने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मला कुणी सांगितलं नाही."

"तू घरात आलीच नाहीस."

माझ्या गाण्यात एक कडवं होतं, त्यात घरातली माणसं घड्याळ बघत घाई करतात. प्रेत उचलायची घाई, जेवायची घाई. त्या कडव्याला सगळ्यात जास्त हशा यायचा. तो हशा मला आता चहाच्या कपांच्या मध्ये बसलेला दिसत होता आणि मला तिथून उठताही येत नव्हतं.

निघताना मामा उठला, चपला घातल्या आणि न बोलता फाटकाकडे चालायला लागला. मामीही मागोमाग. दुखवट्याच्या घरातून निघताना येतो म्हणत नाहीत. दोघं आली होती तशीच सवयीने चालली होती. आई तशीच अनवाणी पायऱ्या उतरली. "अरे, येतो म्हणून जा की! मेल्यासारखा काय जातोस?"

मामा फाटकाला हात लावून थांबला. मग परत आला, पडवीत येऊन क्षणभर बसला, उठला आणि म्हणाला, "येतो, अक्का." आई म्हणाली, "हं. ये."

संध्याकाळी आई वर माझ्या खोलीत आली. ती सहसा येत नाही. खुर्चीवर बसून म्हणाली, "म्हण." मी म्हटलं, राहू दे ना. ती म्हणाली, "सगळ्या जिल्ह्याने ऐकलं. मेलेल्या माणसालाही एकदा ऐकू दे." मी गायलो. हसू येईल अशा जागा सोडून, सपाट, खाली बघत. संपल्यावर ती म्हणाली, "चाल बरी आहे." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मुगदला गाडीत मी होते. तू माझ्या जागी त्याला बसवलंस."

मी गिटार खाली ठेवली.

"डब्यात एक बाई भाकरी देत होती मला. मी म्हटलं, नको, आई वाट बघतेय. मेलेली आई. त्या बाईनं काय समजायचं?" आई माझ्याकडे वळली. "ते तुला माहीत नव्हतं. मला येऊन विचारलं असतंस तर सांगितलं असतं. गाणंही बरं झालं असतं."

मी म्हटलं, "आई, चुकलं माझं." ती म्हणाली, "हो. आणि कावळ्याचं खरं काय ते त्याला कधी सांगायचं नाही. तो माझ्यासाठी रडला, तेवढं त्याचं राहू दे."

मी व्हिडिओ काढून टाकला. दुसऱ्या दिवशी मामाचा फोन. "काढलास होय रे? अळणावरात सगळे विचारायलेत. मी सांगितलं सगळ्यांना, माझ्या रडण्यानं अक्का वाचली म्हणून. आता एकदा इकडं येऊन गा, आईला पण आण." त्या फोनवर त्याने माझं कौतुक केलं. आईचं ऐकतोस, म्हणाला, आजकालची पोरं असलं काही करत नाहीत. मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. आरशात वाढलेली दाढी दिसली आणि तिचा राग आला.

त्या दिवसापासून मामा रोज दिवेलागणीला आईला फोन करतो. आई फोन उचलते आणि म्हणते, "आहे." मग दोघं पावसाबद्दल बोलतात.

रविवारी आम्ही अळणावरला गेलो, पॅसेंजरनेच. आई आतून आली तेव्हा मी बघतच राहिलो. तिने ती साडी नेसली होती, मामाने मेलेल्या बहिणीसाठी आणलेली, हिरव्या काठांची. मी म्हटलं, "आई, ही?" ती म्हणाली, "काठ चांगले आहेत." मुगदला गाडी थांबली, नेहमीसारखी, मिनिटभर. आईने खिडकीतून फलाटाकडे बघितलं आणि पिशवी मांडीवर घट्ट धरली. गाडी सुटल्यावर सोडली. मी समोर बसून गिटारची पेटी दोन्ही हातांनी धरून होतो. मला तेवढंच सुचलं.

मामाच्या घरी मामीने साडी बघून कपाळाला हात लावला, "अक्का, हे नेसायचं नव्हतं हो!" आई म्हणाली, "माहेरचं आहे, माहेरी नेसले. मेल्यावर नेसून दाखवू कुणाला?" मग ती उंबरठ्यावर थांबली, वाकून हात लावला आणि आत गेली. मामा तिथेच मागे उभा होता. तो मला ओढून अंगणात कडेला घेऊन गेला. शेजारच्या सॉमिलमधून कापलेल्या लाकडाचा वास येत होता. "खरं सांग," तो हळू म्हणाला, "कावळा बसला होता?"

आईने सांगितलेलं आठवलं. मी म्हटलं, "बसला होता, मामा."

मामा माझ्याकडे बघत राहिला. "लहानपणी अक्का खोटं बोलली की कानाची पाळी धरायची," तो म्हणाला. "त्या दिवशी धरली होती. मी चहा प्यायलो तो ते कळूनच." मग माझ्या खांद्यावर थाप मारली. "तिला सांगू नकोस मला कळलंय म्हणून. तेवढं तिचं राहू दे."

म्हणजे तिचं सांगायचं नाही आणि त्याचंही सांगायचं नाही. दोघांनी मला एकेक गुपित देऊन ठेवलं होतं, माझ्या त्या एका हारापायी. मला वाटलं, मामाने त्या दिवशी उगारलेला हात मारला असता तर फार बरं झालं असतं.

दुपारी अंगणात माणसं जमली. कावळ्याची गोष्ट सगळ्यांनाच माहीत होती आणि गाणारा तो हाच म्हणून लोक मला न्याहाळत होते. आई आणि मामा पुढे, एकाच बाकावर. मी तीन कॉर्ड लावल्या आणि सुरुवात केली. घाई करणाऱ्या माणसांचं कडवं गाळलं. मुगद आलं, सिग्नल आला, दिवस कलला. लोक हसायला तयार होते. मामा तर ओळ यायच्या आधीच हसत होता. मी म्हटलं, गाडी लेट होती रे मामा, आणि थांबलो.

पुढचे तीन शब्द म्हणता येईनात. हॉटेलात शनिवारमागून शनिवार म्हटलेले शब्द. समोर आई बसली होती, हिरव्या काठांच्या साडीत, माझ्याकडे बघत. हात गिटारवर चालत होते. आज हसू कुठेही नव्हतं. लोकांना वाटलं विसरलो. कुणीतरी मागून ओळ सांगितली. मी मान हलवली, आणि परत तीच कॉर्ड वाजवली, आणि परत.

"म्हण की," आई म्हणाली. "थांबलास का?"

मी मान खाली घातली. तेव्हा तिने मामाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ती ओळ तिनेच म्हटली, सावकाश, सुरात. मी फक्त साथ केली.